कुजलेल्या लाकडात लिग्निन "तसंच राहतं" म्हणजे नेमकं काय राहतं?

कूजकट (धागाकर्ता)

"पांढरी कूज लिग्निन खाते, तपकिरी कूज लिग्निन तसंच सोडते." हे वाक्य जिथे जाल तिथे भेटतं आणि त्याचे दोन्ही तुकडे अर्धवट आहेत असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा. वाद घालायला आलात तर स्वागतच.

आधी थोडा पाया, ज्यांना माहितीये त्यांनी उडी मारून पुढे जा. कूज म्हणजे बुरशीने लाकूड पोखरणं, आणि पांढरी व तपकिरी हे तिचे दोन मुख्य प्रकार, मागे उरलेल्या लाकडाच्या रंगावरून पडलेली नावं. लाकडाच्या पेशीभित्तिकेत ढोबळमानाने ४० ते ५० टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि उरलेलं बहुतेक लिग्निन (या सगळ्याला सिमेंटसारखं बांधून ठेवणारा पदार्थ), सूचिपर्णी झाडांत जरा जास्त, रुंदपर्णी झाडांत जरा कमी. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची सरळ साखळी, तोच जोड पुन्हा पुन्हा, त्यामुळे तो जोड तोडणारी एन्झाइमं असली की साखळी सुटत जाते. लिग्निनचं तसं नाही. ते बनतानाच फ्री रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले, पटकन भिडणारे रेणू) एकमेकांना भिडून बनतं, कुठला तुकडा कुठे चिकटेल याला काही धरबंध नाही, बीटा-ओ-४ नावाचे इथर जोड निम्म्याच्या आसपास आणि बाकी कार्बन-कार्बन जोडांची सरमिसळ. पाणी घालून तोडता येईल असे जोड त्यात जवळपास नाहीतच.

भित्तिकेतली मांडणीही डोक्यात ठेवा. दोन पेशींच्या मधे मध्यपटल, मग पातळ प्राथमिक भिंत, मग दुय्यम भिंतीचे तीन थर, एस-१, एस-२, एस-३, आणि आत पोकळी. मध्यपटलात लिग्निन सगळ्यात दाट असतं पण एस-२ इतका जाड असतो की एकूण हिशोब केला तर सगळ्यात जास्त लिग्निन तिथेच निघतं. बुरशीचे तंतू पोकळीतून फिरतात, म्हणजे एस-३ ला चिकटून, आणि सगळा उद्योग तिथून चालतो.

आता मुद्दा. लिग्निन किती गेलं एवढंच लोक मोजतात. जे उरलं ते आधीचंच लिग्निन आहे का हे फारसं कोणी विचारत नाही. माझं म्हणणं, ते आधीचं नसतं, तपकिरी कुजीत तर नसतंच नसतं.

शंकासुर

माझी शंका अगदी बाळबोध आहे, हसू नका. तपकिरी कुजीत लिग्निनचं प्रमाण वाढतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, २८ टक्क्यांवरून ६० च्या पुढे वगैरे. वाढतं म्हणजे काय? बुरशी लिग्निन बनवते का?

कूजकट

छे हो, बनवत बिनवत काही नाही, टक्केवारीची गंमत आहे सगळी. समजण्यापुरते आकडे घेऊ. कोरडं लाकूड १०० ग्रॅम, त्यात लिग्निन २८. तपकिरी कुजीने ६० ग्रॅम वजन गेलं, उरलं ४०. त्यात लिग्निन मोजलं तर २६ ग्रॅम. २६ भागिले ४० म्हणजे ६५ टक्के. प्रत्यक्षात लिग्निन २ ग्रॅम कमीच झालंय पण कागदावर दुपटीहून जास्त दिसतं.

उलटं बघा. पांढरी कूज, तिन्ही घटक सारख्या वेगाने खाणारी. १०० चे ६० ग्रॅम झाले आणि लिग्निन २८ चं १७. टक्केवारी किती? परत २८. म्हणजे ११ ग्रॅम लिग्निन गायब आणि तक्त्यात "बदल नाही". म्हणून मूळ वजनाच्या हिशोबात दिलेले नसतील तर असले आकडे मी वाचतच नाही.

वाचनमात्र

वाखु (वाचनखूण) साठवली. इतकी वर्षं ते टक्के जसेच्या तसे वाचत होतो.

बेंझीनकडं

धागा आवडला. एन्झाइमचा भाग मी घेतो, टंकायचा कंटाळा आलाय पण राहवत नाही.

पांढऱ्या कुजीतल्या बुरश्यांकडे मुख्य हत्यारं म्हणजे लिग्निन पेरॉक्सिडेज, मॅंगनीज पेरॉक्सिडेज, काहींकडे या दोघांचे गुण एकत्र असलेलं व्हर्सटाइल पेरॉक्सिडेज, आणि लॅकेज. पहिलं १९८३ मध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीत सापडलं, दोन गटांना जवळजवळ एकाच वेळी, टीन आणि कर्क एकीकडे आणि गोल्ड यांचा गट दुसरीकडे. मॅंगनीजवालं त्याच्या पुढच्याच वर्षी. लॅकेज त्यामानाने म्हातारं, १८८३ मध्ये योशिदांनी जपानी लॅकरच्या (रोगणाच्या) झाडाच्या चिकात ओळखलेलं, बरोबर शंभर वर्षं आधी.

लिग्निन पेरॉक्सिडेज करतं काय, तर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून स्वतः तापतं (रासायनिक अर्थाने हो) आणि लिग्निनच्या बेंझीनच्या कड्यातून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं. बस, एवढंच. पुढचं एन्झाइम करतच नाही. इलेक्ट्रॉन गेलेलं कडं अस्थिर होतं आणि स्वतःच फुटतं, बऱ्याचदा बाजूच्या साखळीतला अल्फा आणि बीटा (कड्यापासून पहिला आणि दुसरा) कार्बनमधला जोड तुटतो, कधी अल्फा कार्बनवर ऑक्सिजन बसून कीटोन होतो, कधी मेथॉक्सी गट (कड्याला ऑक्सिजनने जोडलेला मिथिल) निघतो, कधी खुद्द कडंच उघडतं. कुठली वाट धरेल ते त्या त्या जागेवर अवलंबून. म्हणूनच कर्क आणि फॅरेल यांनी १९८७ मध्ये या प्रकाराला एन्झाइमी ज्वलन म्हटलं आणि ते मला अजूनही सगळ्यात चपखल वाटतं, कारण हे पचन नाहीच, हे जाळणं आहे, फक्त थंडपणे.

अजून एक मजा. लिग्निन इतकं अवजड की ते एन्झाइमच्या आतल्या लोहाच्या कप्प्यात शिरूच शकत नाही. मग एन्झाइमच्या पृष्ठभागावर १७१ क्रमांकाचा ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) बसलेला असतो, तो बाहेर लिग्निनला टेकतो आणि इलेक्ट्रॉन आत पोचवतो.

शंकासुर

ओके, पण मग जरा इस्कटून सांगा. लिग्निन एन्झाइममध्ये शिरत नाही हे कळलं. एन्झाइम भिंतीत शिरतं का? ताज्या लाकडाच्या भिंतीत एवढी भोकं असतात का?

बेंझीनकडं

नसतात, आणि प्रश्न एकदम मर्मावर आहे. निरोगी भिंतीतली छिद्रं काही नॅनोमीटरची, त्यातून असलं प्रथिन जात नाही. म्हणून सुरुवातीला काम करतात ती छोटी माणसं, म्हणजे छोटे रेणू आणि आयन. मॅंगनीज पेरॉक्सिडेज मॅंगनीजचा एक इलेक्ट्रॉन काढून त्याला तीन-धन करतं, बुरशीनेच सोडलेलं ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवतं आणि तो चिमुकला मॅंगनीज भिंतीत पाझरत जाऊन लिग्निनच्या फिनॉल (म्हणजे कड्यावर मोकळा हायड्रॉक्सिल) असलेल्या टोकांवर काम करतो. पण लिग्निनमध्ये मोकळं फिनॉल असलेले घटक थोडेच, साधारण १० ते २० टक्के. बाकीच्यांसाठी लिग्निन पेरॉक्सिडेज लागतं, नाहीतर चरबीच्या ऑक्सिडीकरणातून निघणारी रॅडिकल. भिंत सैल झाली की मग मोठी एन्झाइमं आत.

लॅकेजबद्दल मात्र जपून. एकट्याने ते फिनॉलवरच चालतं, आणि तिथेही तुटलेले तुकडे परत एकमेकांना जोडून टाकायची त्याला वाईट खोड आहे.

कूजकट

हेच, हेच! "तुटतं" आणि "परत जुळतं" दोन्ही एकाच भिंतीत चालू असतं. म्हणून मी उरलेल्या लिग्निनकडे बघा म्हणतोय.

सुतारपक्षी

मी रसायनवाला नाही, जुन्या इमारतींचं लाकूड तपासायचं काम करतो. तुमच्या दोन्ही कुजी आम्ही हाताने ओळखतो. पांढरी कुजलेलं लाकूड फिकट, स्पंजासारखं, ओढलं की तंतू निघतात. तपकिरी कुजलेलं आडवं-उभं तडकून चौकोनी ठोकळे पडतात, एक ठोकळा दोन बोटांत चुरडला की गर्द तपकिरी भुकटी, आणि ती पाण्याने लवकर जातही नाही बोटांवरून. टोच्याने उचकटलं तर चांगल्या लाकडाची लांब ढलपी निघते, कुजलेलं आडवं तुटतं कट्कन.

माझा अनुभव असा की तपकिरीवालं दिसायला ठणठणीत असतानाच दगा देतं. रंग जेमतेम बदललेला असतो आणि तुळई गेलेली असते. लिग्निन जर शिल्लक आहे तर ताकद कुठे जाते, हे कोणीतरी सांगा.

कूजकट

ताकद जाते सेल्युलोजबरोबर. साखळीत हजारो ग्लुकोज असतात, तपकिरी कुजीत ती अगदी सुरुवातीलाच दोनेकशेच्या आसपास येऊन थांबते. साखर अजून तिथेच आहे, बुरशीने खाल्लेली नाही, फक्त साखळ्यांचे तुकडे पडलेत, त्यामुळे वजन ५-१० टक्के घटलेलं असतं आणि ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असते. काँक्रीटमधल्या सळ्या जागोजागी कापल्या आणि सिमेंट तसंच ठेवलं असं समजा.

आता हे तुकडे पाडतं कोण? इथे सगळी गोष्ट आहे. ग्लिओफायलम ट्रॅबियम, रोडोनिया प्लॅसेंटा, घरातल्या लाकडाची वाट लावणारी सर्पुला लॅक्रिमन्स, या बुरश्यांकडे लिग्निन पेरॉक्सिडेज नाही. रोडोनियाचा जीनोम २००९ मध्ये आला (तेव्हा तिचं नाव पोस्टिया होतं), त्यात ती जनुकं नव्हतीच. मग त्या एन्झाइमऐवजी रसायन वापरतात. डायमेथॉक्सीहायड्रोक्विनोनसारखा छोटा रेणू सोडायचा, तो लाकडातल्या लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिकचं फेरस करतो, फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. फेंटनची अभिक्रिया. हे रॅडिकल समोर येईल त्याला चावतं, सेल्युलोज की लिग्निन असला भेदभाव त्याच्याकडे नाही.

आणि म्हणूनच "लिग्निन तसंच राहतं" हे मला पटत नाही. असला आगीचा लोळ भिंतीच्या आत फिरतोय, सेल्युलोजचे तुकडे करतोय आणि त्याला बिलगून बसलेल्या लिग्निनला धक्काही लावत नाही? कसं शक्य आहे?

शंकासुर

तर्क छान आहे पण तर्कच आहे. पुरावा?

बेंझीनकडं

पुरावा आहे आणि जुना आहे. १९७० च्या दशकातच कर्क यांनी तपकिरी कुजलेल्या लाकडातलं लिग्निन वेगळं काढून तपासलं, मेथॉक्सी गट कमी झालेले आणि फिनॉल गट वाढलेले. म्हणजे कड्यावरच्या मेथॉक्सीतला मिथिल उडतो आणि तिथे मोकळा हायड्रॉक्सिल उरतो, शेजारी आधीच एक असेल तर कॅटेकॉल तयार. आता गंमत अशी की कॅटेकॉल स्वतःच फेरिक लोहाला फेरस करू शकतं. म्हणजे बदललेलं लिग्निन त्याच फेंटनच्या चक्राला हातभार लावतं.

नंतर द्विमितीय एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूतले जोड ओळखायची पद्धत) आलं, अख्खं लाकूड विरघळवून बघता यायला लागलं आणि २००८ ते २०११ च्या सुमारास ग्लिओफायलम आणि पोस्टियावर काम झालं, तर बाजूच्या साखळ्या, तुमचे ते बीटा-ओ-४ जोड, चांगलेच घटलेले दिसले. कडी शिल्लक, जोडणारे धागे गेलेले. मग ही कडी वाहून का गेली नाहीत? कारण परत एकमेकांना चिकटली, वेगळ्या पद्धतीने. उरतो तो घट्ट, गर्द, ऑक्सिडाइज्ड माल. रंगही त्यातूनच.

एक साधी जुनी चाचणीही आहे. लाकडाची भुकटी १ टक्का कॉस्टिक सोड्यात गरम करायची. चांगल्या लाकडाचा थोडाच भाग विरघळतो, तपकिरी कुजलेल्याचा भरमसाठ, पांढऱ्या कुजलेल्याचा त्यामानाने फारच कमी. सगळं श्रेय लिग्निनला देऊ नका, तुटक्या साखळ्याही त्यात विरघळतात, पण कुजीचा प्रकार कळायला भारी चाचणी.

काचपट्टी

सूक्ष्मदर्शकातून काय दिसतं ते मी सांगते, कारण या धाग्यावर सगळे आकडेच चाललेत.

पातळ काप घेऊन सॅफ्रानिन आणि अ‍ॅस्ट्रा ब्लूने रंगवायचा. लिग्निन असलेली भिंत लाल, जिथून लिग्निन निघून गेलंय आणि सेल्युलोज उघडं पडलंय तिथे निळी. निवडक पांढरी कूज, म्हणजे जी लिग्निन आधी काढते, तिच्या कापात पेशी जागच्या जागी असतात पण निळेपणा पोकळीच्या बाजूने सुरू होऊन आत सरकत गेलेला दिसतो, एका पेशीत अर्धी भिंत निळी अर्धी लाल, शेजारची पूर्ण निळी, आणि पेशींच्या कोपऱ्यांत लाल ठिपके सगळ्यात शेवटपर्यंत टिकून. ते कोपरेही गेले की पेशी सुट्या होऊन तरंगायला लागतात, काप पट्टीवर ठेवतानाच विस्कटतो, वैताग येतो. सगळं एकदम खाणाऱ्या कुजीत असं नाही, तिथे तंतूच्या खाली भिंतीला चर पडतो आणि भिंत आतून बाहेर झिजत जाते.

तपकिरी कुजीचा काप मात्र फसवतो. सगळं लाल. पेशींची रेखाकृती शाबूत, एस-३ सुद्धा शाबूत, बघणारा म्हणेल काय झालंय या लाकडाला? मग ध्रुवित प्रकाश लावायचा. निरोगी भिंत स्फटिकी सेल्युलोजमुळे चमकते, ही काळीठिक्कर. आत काही उरलेलंच नाही, नुसतं लिग्निनचं कवच उभं आहे.

सुतारपक्षी

काचपट्टीताई, माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तुम्हीच दिलंत बघा.

ओलावा

मऊ कूज राहिली की. सतत ओल्या लाकडात, पाण्यातल्या खांबांत वगैरे.

काचपट्टी

ती करणाऱ्या बुरश्याच वेगळ्या गटातल्या, कीटोमियम वगैरे. तंतू थेट एस-२ मध्ये घुसतो आणि सेल्युलोजच्या तंतुकांच्या दिशेने हिऱ्याच्या आकाराची टोकदार पोकळ्यांची माळ कोरत जातो. लिग्निनवर परिणाम होतो पण मर्यादित, मध्यपटल बहुधा वाचतं. रुंदपर्णी लाकडात जास्त जोरात चालते.

बेंझीनकडं

त्याला कारण लिग्निनचाच प्रकार. सूचिपर्णी लाकडात जवळजवळ सगळं ग्वायसिल, म्हणजे कड्यावर एक मेथॉक्सी. रुंदपर्णीत सिरिंजिल पण, दोन मेथॉक्सी. दोन असले की कड्यावरची पाचवी जागा भरलेली, तिथे चिवट कार्बन-कार्बन जोड होऊ शकत नाही, लिग्निन सैल राहतं आणि सोपं पडतं. पांढऱ्या कुजीतही हेच, एकाच लाकडात सिरिंजिलवाले तंतू आधी जातात आणि ग्वायसिल जास्त असलेल्या वाहिन्या मागे राहतात.

जीवाश्म

थोडं अवांतर. २०१२ मध्ये बऱ्याच बुरश्यांच्या जीनोमची तुलना झाली आणि लिग्निन जाळणारी पेरॉक्सिडेजं साधारण २९ कोटी वर्षांपूर्वी, कार्बनी युगाच्या अखेरीस आली असा अंदाज निघाला. तपकिरी कुजीवाल्यांचे पूर्वज पांढरे कुजीवालेच होते, त्यांनी ही हत्यारं नंतर टाकून दिली, तीही एकदा नाही, वेगवेगळ्या वंशांत. म्हणूनच कोळसा साठला ना, कारण लिग्निन खाणारं कोणी नव्हतं?

कूजकट

पहिला भाग मान्य, कोळशाचं नाही. २०१६ मध्ये त्यावर चांगला प्रतिवाद आला. त्या काळच्या दलदलीतली बरीच मोठी झाडं आजच्यासारखी लाकूडप्रधान नव्हतीच, जाड सालीची होती, आणि कोळसा त्यानंतरच्या काळातही साठत राहिला. ओलं विषुववृत्तीय हवामान आणि खचणारी खोरी एवढ्यानेच बराचसा खुलासा होतो. गोष्ट गोड आहे म्हणून सगळीकडे फिरते.

पण हत्यारं टाकून देणं मात्र विचार करण्यासारखं आहे. लिग्निन जाळण्यात बुरशीला मिळतं काय? फॅनेरोकीट तर नायट्रोजनची टंचाई झाली की मगच हा उद्योग सुरू करते, आणि नुसत्या लिग्निनवर वाढत नाही, सोबत साखर लागतेच. त्यापेक्षा लिग्निनला जरा हलवून, बाजूला सारून साखर काढून घेतली तर स्वस्तात काम. फेंटनचा धोका एवढाच की रॅडिकल स्वतःच्या एन्झाइमांनाही चावेल. त्यावरही तोड काढलेली आहे, पोस्टियात तंतूंच्या पुढच्या टोकाशी ऑक्सिडीकरणाची जनुकं चालू असतात आणि थोडं मागे साखर तोडणाऱ्या एन्झाइमांची.

शंकासुर

म्हणजे लिग्निन कोणीच "खात" नाही? मग धाग्याचं पहिलं वाक्य पूर्णच बाद.

बेंझीनकडं

पूर्ण बाद नको. पांढऱ्या कुजीत लिग्निनचा कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो हे किरणोत्सारी कार्बन घालून केव्हाच दाखवलंय. बुरशीच्या अंगी लागतो का, हा प्रश्न लोंबकळत होता. २०२१ मध्ये ट्रॅमेटीस व्हर्सिकलर आणि जिलॅटोपोरिया सबव्हर्मिस्पोरा या पांढऱ्या कुजीच्या दोन बुरश्यांना लिग्निनपासून मिळतात तशा छोट्या कड्यांचा खूण केलेला कार्बन दिला, तर तो त्यांच्या अमिनो आम्लांत सापडला. म्हणजे थोडंफार खातातही. पण छोटा रेणू देणं आणि अख्खं लिग्निन समोर असणं यात फरक आहे, तेव्हा लगेच नाचू नका.

सुतारपक्षी

निवडक पांढऱ्या कुजीचा कोणाला उपयोग आहे का?

कूजकट

कागदवाल्यांना. लाकडाचे तुकडे यंत्रात दळायच्या आधी काही आठवडे जिलॅटोपोरियाच्या हवाली केले तर दळायला लागणारी वीज चांगली पाऊण-तृतीयांश वाचते असं, सॉरी, एक चतुर्थांश ते एक तृतीयांश वाचते असं चाचण्यांत दिसलं. गंमत म्हणजे तोवर लिग्निन फारसं गेलेलंही नसतं. बदललेलं असतं, भिंत फुगून मऊ झालेली असते, तेवढं पुरतं.

काचपट्टी

कूजकट, तुमच्या मूळ वजनाच्या आग्रहाला एक आडकाठी. जंगलातून उचललेल्या ओंडक्याचं मूळ वजन आणायचं कुठून? लोक घनता घेऊन हिशोब करतात, पण तपकिरी कूज झालेलं लाकूड वाळताना इतकं आकसतं की आकारमानच फसतं.

कूजकट

खरंय. ओलं असतानाच आकारमान घ्यायचं, वाळवायच्या आधी, म्हणजे आकसण्याचा घोळ बराच कमी होतो. आणि त्याच ओंडक्याचा न कुजलेला तुकडा मिळाला तर त्याचीही घनता घ्या. शिवाय क्लासनच्या पद्धतीने, म्हणजे ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लाने लिग्निन मोजणार असाल तर आम्लात विरघळणारा भाग वेगळा मोजा, पांढऱ्या कुजीत तुकडे बारीक झालेले असतात ते गाळणीतून निसटतात. आणि बुरशीचा स्वतःचा ऐवज लिग्निनमध्ये मोजला जातो ती भानगड वेगळीच.

शंकासुर

त्याच ओंडक्याचा एक तुकडा काचपट्टीताईंकडे आणि एक बेंझीनकडंकडे गेला तर आकडे आणि चित्र शेजारी शेजारी टाकता येतील की.

काचपट्टी

पाठवा, पण ओला पाठवा, आणि वरची बाजू कुठली त्यावर खूण करा.